एका स्वराचा फरक

मुलीने इंग्रजीच्या वहीत लिहिले होते की आम्ही दिल्लीला 'अ‍ॅडॉप्ट' झालो आहोत. पुढे 'टू' होते, म्हणून मी लाल पेनाने 'ऑ'च्या जागी 'अ‍ॅ' केला : 'अ‍ॅडॅप्ट'. ती म्हणाली, "बाबा, शब्द बरोबर होता. 'टू' चुकलं होतं."

दोन्ही क्रियापदे लॅटिनमधून आली. 'अ‍ॅडॅप्ट'च्या मुळाशी नेमके बसणे आहे, 'अ‍ॅडॉप्ट'च्या मुळाशी निवडणे. मराठीत पहिल्याला आपण जुळवून घेणे म्हणतो, दुसऱ्याला दत्तक घेणे. 'दत्त' म्हणजे दिलेला. इंग्रजी शब्द घेणाऱ्याची निवड पाहतो, आपला शब्द देणाऱ्याचा हात. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यालाही प्रत्यक्ष देणे-घेणे लागते; होम नसला तरी चालतो. जुळवून घेणे मात्र एकट्याने, कोणाला न विचारता होते. आणि ते कधीही मोडता येते.

संविधानाच्या उद्देशिकेत 'अ‍ॅडॉप्ट' आहे, मराठीत 'अंगीकृत'. जे अंगाचे झाले ते. १९३५च्या भारत सरकार कायद्यातून उचलल्याचा आरोप झाला तेव्हा, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, आंबेडकरांनी घटनासभेत सांगितले की उसने घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. उसने घेतलेले आपलेसे करता येते, हे त्यांना ठाऊक होते.

मी द्वारकेत चौदा वर्षे आहे. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो, नोव्हेंबरच्या धुरात खिडक्या लावून घेतो, मेट्रोत कोणत्या डब्यात जागा मिळते हे मला कळते. रिक्षावाल्याशी माझी हिंदी आता अडखळत नाही. हे सगळे जुळवून घेणेच. मतदार यादीत नाव अजून साताऱ्याला आहे; राहत्या जागी नोंद हवी, हे ठाऊक असूनही. इथले पाणी, इथली हवा यांवर मी तक्रार करतो, पण पाहुण्याच्या सुरात.

यात गैर काय? बांधकामावर आलेल्या मजुराला असला प्रश्न विचारणे निर्दयपणाचे होईल. त्याला शहरानेच कधी आपले म्हटलेले नसते. माझी सबब तेवढी बळकट नाही. मला फ्लॅट मिळाला, मुलीला शाळा मिळाली. देणाऱ्याने दिले. घेणारा हात मात्र मी पुरता पुढे केला नाही, कारण घेतले की त्या घरची देणीही आपल्याकडे येतात.

मुलगी इथेच जन्मली. तिच्यासाठी सातारा म्हणजे दिवाळीची सुट्टी.

वहीतली माझी दुरुस्ती मी खोडली आणि 'टू'वर रेघ मारली. नाव हलवण्याचा अर्ज टेबलावर आहे. अजून कोराच.