गंजाची किंमत

एक गोष्ट पहिल्यांदाच कबूल करतो, नाहीतर पुढचं सगळं ढोंग होईल. मला त्या गाड्या आवडतात.

अमेरिकेतले जुने पिकअप ट्रक. पुढं दोन-तीन माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. १९४७ ते १९५५ मधला शेवरले, गोलसर टपाचा, जाड आडव्या पट्ट्यांच्या जाळीचा. १९४८ चा फोर्ड एफ-१. लष्करी ट्रकच्या पोटी १९४६ साली जन्मलेला डॉजचा पॉवर वॅगन. त्यांचे लिलाव मी रात्र-रात्र पडद्यावर पाहिलेत. ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला बॅरेट-जॅक्सनवाले १९७१ पासून जुन्या गाड्यांचा बाजार भरवतात. उजेडाचे झोत, तोंडाचा पट्टा चालवणारा लिलाववाला, आणि मधोमध कधीकाळी शेण वाहिलेला ट्रक. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. हातोडा पडतो. हजारो डॉलर. फारच नटवलेला असला तर लाखाच्या वर.

एक मित्र म्हणाला, 'चळवळीतला माणूस तू. भांडवलदारांच्या खेळण्यांशी तुला काय करायचंय?' तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देऊन बघतो. पुरतं जमेल असं नाही.

ही वस्तू मुळात काय होती? शेतकरी मोटार घ्यायचे, मागचा भाग काढून लाकडी पेटी ठोकायचे. ते बघून फोर्डनं १९२५ साली कारखान्यातूनच हौदा लावलेली मॉडेल टी विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. फोर्डच्या कामगाराचा रोज तेव्हा सहा डॉलर होता, म्हणजे त्याची ४७ दिवसांची मजुरी. हे अवजार होतं. पहार जशी, कुदळ जशी. चारा, खत, डुकरं, विटा वाहायच्या. पुढच्या शेवरलेतही हीटर हवा तर वेगळे पैसे, रेडिओ हवा तर वेगळे पैसे. शेतकरी त्याला सुंदर म्हणत बसत नव्हता. (मोटारीसारखा गुळगुळीत दिसावा म्हणून शेवरलेनं १९५५ ला कॅमिओ कॅरिअर काढला. महाग पडला. चार वर्षांत दहा हजारांच्या आसपास खपला आणि बंद झाला.)

आता लिलावात त्याचं काय होतं बघा. या शौकिनांत दोन पंथ आहेत. एक पंथ ट्रक सांगाड्यापर्यंत सोलतो आणि नव्यानं उभा करतो. हौद्यात मूळची साधी पाइनची फळी असायची. हे ओकची टाकतात, तिला वॉर्निश, मधे चकचकीत स्टीलच्या पट्ट्या. मग त्या हौद्यात सिमेंटचं पोतं टाकायची कुणाची छाती नाही, चरा पडेल! ओझं वाहायला जन्मलेली वस्तू, आणि तिला भाव ओझं सुटल्यावर.

दुसरा पंथ म्हणतो, गंज काढू नका. उन्हानं उडालेला रंग राहू द्या. खिडकीच्या कडेवर कोपर टेकून टेकून पत्रा उघडा पडलाय, तो तसाच राहू द्या. दारावर हातानं रंगवलेलं पुसट नाव राहू द्या, अमक्याचं शेत, तमक्याचं दाणावैरणीचं दुकान, खाली चार-पाच आकडी टेलिफोन नंबर. याला ते 'पॅटिना' म्हणतात. गंजावर पारदर्शक लाखेचा थर देतात, म्हणजे तो वाढायला नको आणि जायलाही नको. आणि ज्यांच्या ट्रकला गंज नाही ते रंगाऱ्याकडून गंज रंगवून घेतात. खोटा गंज. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसलो. मग हसू थांबलं.

कारण माझी नजर त्या कोपराच्या जागेवर अडकली होती. कोपर कुणाचं?

लिलावात ट्रकचं कूळगोत्र सगळं तपासतात. इंजिन मूळचंच आहे का, नंबर ताडून बघतात. रंग कारखान्याचा का नंतरचा. मालक किती झाले. पण त्या इंजिनाचा ठोकळा कुणी ओतला, हे कुणी विचारत नाही. फोर्डच्या रूज कारखान्यात काळ्या कामगारांचा मोठा भरणा होता तो फाउंड्रीत, जिथं धूर आणि वितळलेलं लोखंड. १९६८ साली डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅम्कमध्ये डॉजच्या कारखान्यातल्या काळ्या कामगारांनी 'ड्रम' नावाची संघटना काढली. त्यांचं भांडण कंपनीशी होतं तसं स्वतःच्या युनियनशीही होतं. आपल्याकडे चार वर्षांनी पँथर उभी राहिली. आपण नाव ओकलंडच्या पँथरांकडून घेतलं, पण मला वाटतं आपला जास्त जवळचा सोयरा हा फाउंड्रीतला माणूस.

बोली लावणाऱ्यावर मी सरसकट दात खाणार नाही. त्यातला एखादा खरोखरच शेतकऱ्याचा नातू असतो. आज्याच्या मांडीवर बसून त्यानं असल्याच ट्रकचं स्टिअरिंग पहिल्यांदा धरलेलं असतं. त्याचा गळा दाटतो तो खोटा नाही. मला एवढंच दिसतं की त्याच्या आज्याला जमीन होती, जमिनीवर ट्रक होता, ट्रकच्या दारावर त्याचं नाव होतं. काम त्याला मोडत होतं, पण काम त्याचं होतं. १९२० च्या खानेसुमारीत अमेरिकेत काळे शेतकरी सव्वानऊ लाख होते. त्यांतले पुष्कळजण दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे वाटेकरी. १९९२ च्या मोजणीत उरले एकोणीस हजारांच्या आत. त्यांच्या नातवांनी कुठला ट्रक विकत घेऊन गळा दाटवायचा? आठवणीनं हळवं व्हायलासुद्धा मालकी लागते, साली.

आणि पिकअप म्हटल्यावर सगळ्यांनाच आज्याची मांडी आठवत नाही. १९९८ च्या जूनमध्ये टेक्सासमधल्या जॅस्पर गावी तिघा गोऱ्यांनी जेम्स बर्ड या काळ्या माणसाला पिकअपच्या मागं साखळीनं बांधून तीन मैलांच्या आसपास फरफटत नेलं. तो मेला. तिथल्या काळ्या माणसाला रस्त्यावर मागून पिकअपचे दिवे दिसले तर काय वाटत असेल? वस्तू एकच, पण तिच्याकडे बघायला कोण कुठं उभा आहे त्यावर ती काय आहे हे ठरतं.

मला इथं गुलामांचा लिलाव आठवतो. पण ती तुलना करणार नाही. ट्रकला दुखत नाही, आणि माणसाच्या दुःखाची उपमा पत्र्याला देऊ नये.

पण लिलावाचा आणखी एक प्रकार सांगायलाच पाहिजे. १९३० नंतरच्या मंदीत आयोवा-नेब्रास्काकडे बँका कर्जबुडव्या शेतकऱ्याचं सामान अंगणातच लिलावात काढायच्या. गुरं, नांगर, गाडी. तेव्हा आसपासचे शेतकरी गोळा होऊन यायचे आणि पाच सेंट, दहा सेंट असली बोली लावायचे. बाहेरच्यानं जास्त बोलायचं धाडस केलं तर त्याला नुसतं घेरून उभं राहायचे. सगळं सामान चिल्लरीत सुटायचं, आणि घेणारे ते तिथंच मूळ धन्याला परत द्यायचे. त्यांना 'पेनी ऑक्शन' म्हणत. १९८० नंतरच्या दशकात शेतकरी पुन्हा बुडाला आणि अंगणातले लिलाव पुन्हा सुरू झाले. आज स्कॉट्सडेलच्या उजेडात उभा असलेला एखादा ट्रक अशाही अंगणातून गेलेला असेल. एका हातोड्यानं तो धन्यापासून तोडला, दुसऱ्या हातोड्यानं तो दुर्मिळ झाला. पाच सेंटाची बोली आणि लाख डॉलरची बोली, यांत त्या वस्तूची जास्त कदर कुणी केली हे मला विचाराल तर मी पाच सेंटवाल्यांच्या बाजूनं हात वर करीन.

आता आपलं. आपल्या अवजारांना काचेत ठेवायचं का? झाडू, टोपली, रापी, ढोर ओढायचा दोर. काही मित्र म्हणतात ठेवा, आमच्या श्रमाचा इतिहास लोकांना दिसू द्या. काही म्हणतात जाळा. मी दोन्हीकडच्या सभांत टाळ्या वाजवल्यात. पण त्या ट्रकांकडे बघून एक गोष्ट डोक्यात बसली. काम संपल्याशिवाय गंजाला भाव येत नाही. त्यांचं ते काम संपलं, आता नवी यंत्रं आहेत. आपलं कुठं संपलंय? मैला उचलण्याविरुद्ध कायदा १९९३ ला झाला, पुन्हा २०१३ ला झाला, आणि माणसं गटारात उतरून अजून मरतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं की जात ही कामाची नुसती वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे. ट्रकचा नातू काम सोडून गेला, शहरात वकील झाला, तर त्याला कुणी ट्रकवाला म्हणत नाही. आमचा वकील झाला तरी झाडू त्याच्या नावाला चिकटलेलाच.

पण मग मला त्या गाड्या का आवडतात? याचं खरं कारण घरात आहे.

अमेरिकन ट्रक मुंबईलाही होते. शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ ते १९५४ गाड्या जुळवल्या, कुर्ल्याला प्रीमिअरवाल्यांनी डॉज आणि फार्गो. माझा आजा कचऱ्याच्या लॉरीवर होता, आणि त्याच्या बोलण्यात तिचं नाव 'फारगो' असायचं. तो आत कधी बसला नाही. मागच्या फळीवर उभा राहायचा, हातानं कडी धरून. त्या गाडीच्या कुठल्याच खिडकीवर त्याच्या कोपरानं रंग उडाला नसणार. कडी तेवढी गुळगुळीत झाली असेल. पण तिचं तोंड कसं गोल होतं, हॉर्न कसा वाजायचा, चढाला कशी कण्हायची, हे तो पोराचं कौतुक सांगावं तसं सांगायचा. लॉरी कधीच भंगारात गेली. आमच्या ट्रंकेत त्याचा पितळी बिल्ला आहे. दारावर मालकाचं नाव असतं तसं त्याच्यावर नाव नाही. आकडा आहे.

मागच्या महिन्यात तो बिल्ला घेऊन मी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. विकायला नाही, असं स्वतःला सांगत गेलो. पण भाव विचारला, हे लपवत नाही. दुकानदारानं भिंग लावून बघितला, आकडा सांगितला, आणि म्हणाला, 'साहेब, एक करा, घासू नका. हा काळेपणा आहे ना, त्याचेच पैसे आहेत.'

आजी दर रविवारी तो चिंचेनं घासायची. मळका दिसला तर मुकादम आज्याची हजेरी मांडत नसे. आणि लखलखीत घासलेला बिल्ला छातीवर लावून आजा हॉटेलात गेला की त्याला चहा फुटक्या कपात, बाहेर.

घरी आलो. आईला चिंच मागितली. ती म्हणाली, 'कशाला रे?' मी काही बोललो नाही. मोरीत बसून बिल्ला घासत राहिलो, आकडा दिसेपर्यंत.