फॉरमॅट मारण्याआधी

लोहारा तालुक्यातलं माकणी हे निम्न तेरणा धरणाचं गाव. तिथं एक लहानशी अभ्यासिका होती. कुणीतरी दिलेला जुना संगणक आणि त्यावर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम. तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांची टिपणं, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, सगळं त्याच संगणकात. दुसरीकडं कुठंच प्रत नव्हती.

संगणक फार हळू चालतो म्हणून तो सांभाळणाऱ्या दादानं एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकायला घेतला. निम्म्यातच वीज गेली. ती आल्यावर लॉगिनच्या पडद्यावर त्यानं नवा डेस्कटॉप निवडला, पासवर्ड दिला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनवरच आला. कितीदाही केलं तरी तेच.

“पासवर्डच घेईना झालाय. फॉरमॅट मारतो,” म्हणत दादानं पेनड्राइव्ह काढला.

अभ्यासाला येणारी एक मुलगी पुढं आली. “दादा, थांबा की जरा. एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा.”

दादानं टाकला. या वेळी पडदा काळा झालाच नाही. पासवर्ड चुकल्याची सूचना आली.

“म्हणजे खरा पासवर्ड त्याला पटतोय,” ती म्हणाली. “अडतंय ते त्याच्या पुढं.”

तिनं नावावर क्लिक केलं, खालच्या कोपऱ्यातलं दातेरी चाक उघडलं आणि यादीतून एक्सएफसीईऐवजी ‘उबुंटू’ निवडलं. पासवर्ड तोच. डेस्कटॉप उघडला. एकूण एक फाइल जागच्या जागी होती.

“मग मघापासून का उघडंना?”

“मागच्या वेळी निवडलेलं सेशन, म्हणजे कोणता डेस्कटॉप उघडायचा ते, हा पडदा लक्षात ठेवतो. यादीतल्या प्रत्येक नावामागं एक छोटी फाइल असते. कोणता प्रोग्राम सुरू करायचा, एवढंच ती सांगते. वीज गेली तेव्हा नाव यादीत आलं होतं, पण प्रोग्राम अर्धाच बसला होता.”

“आणि यादीतलं एकही चाललं नसतं तर?”

“कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 दाबलं की नुसत्या अक्षरांचं लॉगिन येतं. तिथून डिस्क भरलीय का ते बघता येतं, फायलींची प्रत काढता येते. पुसायचं ते सगळ्यात शेवटी, दादा.”

दादानं आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि मगच अर्धवट राहिलेलं इन्स्टॉलेशन पूर्ण केलं. पुढच्या वेळी एक्सएफसीई निवडलं, तर तेही सुरळीत उघडलं. पोरांची टिपणं वाचली होती, कारण एकीनं घाई न करता अडचण नेमकी कुठं आहे ते आधी शोधलं होतं.

तात्पर्य : काम अडलं की आधी ते कुठं अडलं ते शोधावं, आणि जे परत मिळवता येणार नाही त्याला हात सगळ्यात शेवटी लावावा.