तह कुणाचा, जळाली कुणाची घरं

तहाने आक्रमण संपतं का? शिबिरात हा प्रश्न निघाला की पोरं लगेच दोन बाजूंना बसतात. एक म्हणतात, बुद्धाचा मार्ग बोलण्याचा. दुसरे म्हणतात, चढून आलेल्याशी बोलायचं काय? मी दोघांनाही आमच्या भोर-वेल्ह्याचे डोंगर दाखवतो.

1665 चा एप्रिल. पुरंदरला मिर्झाराजे जयसिंगाचा वेढा पडलेला. पोवाड्यात पुरंदर येतो, मुरारबाजी येतो. पण खाली काय चाललं होतं? जयसिंगाने दाऊदखानाला मावळात सोडलं. रोहिड्याच्या आसपासची पन्नासेक गावं त्याच्या फौजेने जाळली, मग ती राजगडाच्या पायथ्याकडे वळली. हे खुद्द मोगलांच्या पत्रांत आहे, आणि मर्दुमकी म्हणून लिहिलंय. गावं जाळली ती गडावरच्यांना वाकवायला. म्हंजे वाटाघाटी लढाईनंतर सुरू झाल्या असं नाही. ती जाळपोळ हाच पहिला खलिता होता.

जूनमध्ये तह झाला. 23 किल्ले गेले, 12 राहिले. भोरचा रोहिडा गेला, वेल्ह्याचे राजगड नि तोरणा राहिले. जाळपोळ थांबली. पावसाच्या तोंडावर ज्याचं खोपट जळलंय त्याला विचारा, थांबणं म्हंजे काय ते. तहाला शिव्या घालणाऱ्या आमच्या काही मित्रांनी औताला कधी हात लावलेला नसतो.

पण आक्रमण संपलं? गेलेले किल्ले परत घ्यायला 1670 साली पुन्हा तलवारच काढावी लागली. पुढे औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि 1704 साली राजगड, तोरणा दोन्ही त्याने घेतले. ज्या कागदाने चढून आलेल्याच्या पदरात किल्ले टाकले, तो त्याला परत का पाठवील? 2015 च्या मिन्स्क करारानंतर 2022 साली रशियाने युक्रेनवर उघड चढाई केली, तीही याच जातीची गोष्ट.

गोव्याचं उलट. 1947 नंतर दिल्ली वर्षानुवर्षं पोर्तुगालशी बोलत राहिली. सालाझार ढिम्म. डिसेंबर 1961 मध्ये फौज गेली नि दोन दिवसांत निकाल लागला. पोर्तुगालची सही मात्र 1974 साली, तिथली राजवट उलथल्यावर. तेव्हा मुत्सद्देगिरी फुकट नसते, पण तिच्यामागे वजन लागतं. नुसत्या गोड बोलण्याने बळकावलेलं कुणी सोडत नाही.

माझा खरा सल वेगळाच आहे. पुरंदरच्या तहाची जी कलमं वाचायला मिळतात, त्यांत किल्ले आहेत, होन आहेत, मनसब आहे. त्या पन्नास गावांचं काय? गावांचं नाही, तर गावकुसाबाहेरच्यांचं कोण लिहिणार!

हे वाचताना मला आपल्याकडचा समेट आठवतो. वस्तीवर हल्ला होतो. चार दिवसांनी पंच येतात, "मिटवून टाका, गावातच राहायचंय ना." 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा हाताशी असतो, आणि पहिली अट असते केस मागे घ्यायची. म्हंजे आपलं वजन आधी खाली ठेवा, मग बोलू. मी म्हणतो, बसा. जरूर बसा. पण केस चालू ठेवून बसा. आधी पाणी सुरू करा म्हणावं, अडवलेली वाट मोकळी करा, मग चहा. आणि त्या बैठकीला, जिला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात खुरपायला जायचंय ती बाई हवी. आपले पुढारी तिला बाहेर बसवतात.