बाळागोळीची झोप

सैल बसा. श्वास आपसूक येऊ-जाऊ द्या.

मनात १९२०च्या दशकातलं गिरणगाव आणा. चाळीच्या खोलीत झोळी, झोळीत तान्हं मूल. आई पाळीवर गेली आहे. निघताना तिनं त्याला बाळागोळी चाटवली. तिच्यात अफू असे. मूल रडत नाही, दूध मागत नाही. खाडा झाला की मजुरी बुडणार. त्या आईला दोष देण्याची घाई करू नका.

आता त्या झोपेच्या आत उतरा. एका चेतापेशीचं टोक दुसरीपाशी येतं, पण टेकत नाही. मधली फट एका मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. टोकात कॅल्शियम शिरलं की रसायन सुटतं आणि निरोप पलीकडे पोचतो. शरीर स्वतःही अफूसारखे रेणू बनवतं. थोडे, ठरल्या जागी, वेळेपुरते. अफूतलं मॉर्फिन त्यांच्याच जागा अडवतं, सगळीकडे एकदम. कॅल्शियम कमी शिरतं, निरोप अडतो.

इथे जरा थांबा. बाळाच्या मेंदूत जोडण्या अजून व्हायच्या असतात. कोणती टिकेल, कोणती गळेल, हे निरोपांच्या ये-जा करण्यावर बरंचसं ठरतं. गर्भातच ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं, मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांत चेतापेशींमधला संवाद पुढेही बदललेला दिसला आहे. माणसांत मात्र गरिबी, तंबाखू, कुपोषण यांचे परिणाम त्यात असे मिसळलेले असतात की एखाद्या मुलाचं भविष्य यावरून कुणी सांगू नये.

मग अफू थांबते. दबलेल्या पेशी उसळतात. बाळ थरथरतं, कर्कश रडतं, सारखं शिंकतं. मूठ अधाशासारखी चोखतं, पण दूध नीट ओढत नाही. त्या चिमुकल्या मुठीकडे थोडा वेळ बघा.

अमेरिकेत गर्भातच ओपिऑइड मिळालेली अशी बाळं आज मोठ्या संख्येनं जन्मतात. तिथल्या अनेक रुग्णालयांत आता आधी बघतात ते एवढंच: बाळ पितं का, झोपतं का, कुशीत घेतल्यावर शांत होतं का. मंद उजेड, आईचा स्पर्श, शक्य तिथे आईचंच दूध. औषध त्यानंतर, लागलं तर. या पद्धतीच्या २६ रुग्णालयांतल्या चाचणीत बाळ घरी जाण्याजोगं व्हायला लागणारा काळ सरासरी सुमारे १५ दिवसांवरून ८ दिवसांवर आला. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. आईला बाळापासून दूर ठेवणं हा उपचार नव्हे.

तुमच्या ओळखीत एखादी गरोदर बाई अफूसारख्या गोळ्यांच्या आहारी गेली असेल, तर तिला त्या एकदम बंद करायला सांगू नका. त्यात तिला आणि गर्भालाही धोका असतो. तिच्यासोबत डॉक्टरांकडे जा.