अन्नपाणी हा उपचार नव्हे


अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात टेरी शायवो ही कॅथलिक महिला १९९० पासून अंथरुणाला खिळली होती. अशा अवस्थेत जगणे तिला नको होते, असे पती सांगत. आईवडील तिला सांभाळायला तयार होते. अखेर न्यायालयाच्या आदेशाने १८ मार्च २००५ रोजी तिला अन्नपाणी देणारी नळी काढली गेली. ३१ मार्चला ती मरण पावली.

त्या तेरा दिवसांत बातम्यांत चर्चा रंगली ती पक्षांची. फायदा कोणाला, संसद वरचढ की न्यायालय? खाटेवरचे माणूस मागेच राहिले.

मरण कसेही करून लांबवा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. निष्फळ, असह्य उपचार नाकारता येतात. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये स्पष्ट केले की, नळीतून दिलेले अन्नपाणीही मुळात उपचार नसून नेहमीची शुश्रूषा आहे. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी देणे ही तर आपली दयेची कृत्ये!

म्हणून अशी बातमी वाचताना कोणता पक्ष जिंकला हे नंतर पाहू. आधी विचारू या: हा माणूस आजाराने गेला, की अन्नपाणी तोडल्याने?