नाव कुणी सुचवावे?

पालकसभेच्या दिवशी वर्गात चटया अंथरल्या जातात. पुढे वडील मंडळी बसतात, मागे दाराशी आया. कुणीतरी कागद वाचतो, "अध्यक्ष अमुक, सदस्य अमुक अमुक. कुणाची हरकत?" हरकत कुणाचीच नसते. टाळ्या वाजतात. निवड बिनविरोध झाली म्हणून आपण समाधान मानतो.

हे समाधान खरे आहे का, हा प्रश्न मला माझ्याच चुकीमुळे पडला. लोह्याकडे जिल्हा परिषदेच्या एका उर्दू शाळेत असताना शाळा व्यवस्थापन समितीची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. महिलांच्या जागा भरायच्या होत्या. हजेरीपट पाहून मी एका विद्यार्थिनीच्या अम्मीचे नाव लिहिले. त्या सभेला आल्याही नव्हत्या. सहीसाठी रजिस्टर घरी गेले, तेव्हा त्या स्वतः शाळेत आल्या. "मॅडम, मेरा नाम लिख दिये, मेरेकू पूछे कायकू नहीं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या कलम 21 नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा आहेत. शाळेच्या कामावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष, ही तिची कामे. कायद्याने जागा दिल्या. पण त्या जागेवर कुणाचे नाव जाणार, हे सभेआधीच चहाच्या हॉटेलात ठरत असेल, तर सभेकडे उरते काय? फक्त टाळ्या.

बिनविरोध या शब्दाचे आपल्याला फार कौतुक. पण जानेवारी 2021 मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथील ग्रामपंचायत निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या. तिथे पदांचे लिलाव झाल्याचे उघड झाले होते. विरोध नसणे म्हणजे संमती असणे नव्हे, एवढे तरी त्यातून शिकावे. आमच्या शाळेत बोली लागली नव्हती. पण त्या अम्मींचा होकार मीही गृहीतच धरला होता.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आडवी येते. पदाची हाव धरणाऱ्याला पद देऊ नये, अशी हदीसची शिकवण आहे. ती रास्तच आहे, कारण जबाबदारी ही अमानत. पण त्यामुळे सज्जन माणूस गप्प बसतो आणि जागा त्याच चार घरांत फिरतात. हजरत यूसुफ यांनी मिसरच्या खजिन्याची जबाबदारी स्वतः मागून घेतली होती, हे आपण विसरतो. हाव वेगळी आणि तयारी वेगळी. जो स्वतः मागत नाही, त्याचे नाव इतरांनी घ्यावे, यासाठीच तर मशवरा आहे.

म्हणून मला वाटते, नावे सुचवण्याची रीतच बदलावी. सभेची सूचना आठवडाभर आधी घरोघर जावी. प्रत्येक वर्गाच्या पालकांनी चिठ्ठीवर नावे द्यावीत; ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावीत. शिक्षकांनी नाव सुचवू नये. ज्याचे नाव येईल त्याला सर्वांसमोर विचारावे. जागांपेक्षा नावे जास्त आली तर मतदान घ्यावे.

लोक म्हणतील, मोहल्ल्यात गट पडतील. भीती खोटी नाही. एकाच मशिदीत, एकाच लग्नात भेटणारी माणसे आपण. हरलेला माणूस चार दिवस रुसेल. पण न विचारता ज्यांना वगळले, ती माणसे वर्षानुवर्षे सभेलाच येत नाहीत. तो रुसवा आपल्याला दिसत नाही, एवढेच.

त्या दिवशी माफी मागून मी त्यांचे नाव खोडायला पेन उचलले. त्यांनी मला थांबवले. "काटो मत, मॅडम. आगे की मीटिंग में बुलाव, सबके सामने पूछो. फिर मैं बोलती."

सही त्यांनी केली नाही. रजिस्टरात त्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहिली, आणि मला वाटते, त्या पानावर तेवढीच नोंद खरी होती.