ऋण कुणाचं?

शिकायला परदेशी आलेल्या मुलानं परत जायला हवं का? मंडळाच्या जेवणावळीत हा वाद तुम्हीही ऐकला असेल. 'देशानं शिकवलं, देशाचं फेडा' हे एक टोक. 'ज्यानं फी भरली, त्याचा निर्णय' हे दुसरं. मला वाटतं, दोघेही हिशेब अर्धाच मांडतात.

रँग्लर परांजप्यांचा हिशेब सरळ होता. ते सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला आले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि परत जाऊन फर्ग्युसनमध्ये तुटपुंज्या पगारावर शिकवू लागले. बाबासाहेबांचा करार तर लेखी होता: बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षं नोकरी. त्यासाठी १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून ते बडोद्याला रुजू झाले. पण जातीमुळे राहायला खोली मिळेना. नाव बदलून पारशी वसतिगृहात राहिले, तिथूनही हाकललं गेलं. फेडायला आलेला दारात उभा होता, दार लावलं ते समाजानं. 'परत या' म्हणणाऱ्यानं आधी जागा ठेवलेली असावी लागते, हे तेव्हाच दिसलं.

आज येणारी बहुतेक मुलं ना सरकारच्या पैशावर येतात, ना संस्थानाच्या. सांगली-लातूरकडचं घर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढलेलं असतं. शाळा, कॉलेज कदाचित अनुदानित असेल, तेवढं ऋण उरतंच. पण मायदेशाच्या नावानं त्यांना बांधून ठेवावं इतकं नाही.

आता हिशेबाचं दुसरं पान उलटा. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्याची पदवीची फी २०२५-२६ मध्ये जास्तीत जास्त ९,५३५ पौंड. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला मर्यादाच नाही. ती बऱ्याचदा दुपटीहून जास्त असते. स्थानिक शिक्षणात आणि संशोधनात विद्यापीठांना पडणारी तूट मुख्यतः याच पैशातून भरते. म्हणजे इथे वाढलेली तुमची-माझी मुलं ज्या वर्गात कमी फीत शिकतात, त्याचा थोडा खर्च सांगलीतल्या त्या गहाण घरातून येतो. आणि त्याच विद्यार्थ्याला जानेवारी २०२४ पासून साध्या एमएस्सीसाठी येताना नवरा-बायको, मुलांना सोबत आणता येत नाही.

मग देणेकरी कोण? 'तू परत जाणार का?' हे विचारण्याआधी आपण स्वतःला विचारायला हवं. दिवाळीच्या फराळाला बोलावणं चांगलंच, पण त्यानं हे फिटत नाही. घर भाड्यानं घेताना या मुलांकडे घरमालक इथला जामीनदार मागतात, आणि तो त्यांच्याकडे नसतो. भाडं थकलं तर जामीनदाराच्या गळ्यात येतं, हा धोका खराच आहे. पण त्यांच्या आईबापांनी तर सबंध घरच पणाला लावलंय.

तुम्ही सही कराल?